न उमटलेली रेघ

दुकानाचे शटर वर गेले की अगरबत्ती लावण्याच्याही आधी मी एक कोरा कागद प्रिंटरमध्ये सारतो आणि नोझल चेक काढतो. त्या कागदावर वाचण्यासारखे काही नसते. काळा, सायन, मॅजेंटा, पिवळा, फिका सायन आणि फिका मॅजेंटा या सहा रंगांच्या बारीक आडव्या रेघा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या उतरत जातात, एवढेच. माझ्या यंत्राच्या हेडमध्ये, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या सरकत्या भागात, प्रत्येक रंगाला ९० छिद्रे आहेत आणि प्रत्येक छिद्र आपापली एक रेघ ओढते, म्हणजे सगळे ठीक असेल तर कागदावर ५४० रेघा उमटलेल्या असतात. त्या मोजाव्या लागत नाहीत. निवडायला घेतलेल्या तांदळात खडा जसा आधी डोळ्यांत भरतो, तशी मला न उमटलेली रेघ आधी दिसते.

अकोल्यात माझे डीटीपीचे आणि फोटोंचे छोटे दुकान आहे. पासपोर्ट आकाराचे फोटो, शाळांची ओळखपत्रे, प्लॅस्टिकची कार्डे, बारशाचे फोटो आणि घरात कोणी गेले की त्याच दिवशी हार घालण्यासाठी लागणारा मोठा फोटो, हे सगळे काम शाईच्या टाक्या असलेल्या प्रिंटरवर चालते. बाटलीतून टाकीत शाई ओतायची आणि छापत राहायचे, असा हा साधा व्यवहार आहे, आणि तो परवडतो म्हणूनच माझ्यासारख्यांची दुकाने चालतात. शाई स्वस्त झाली, हेड मात्र महागच राहिले. ते बदलण्याची वेळ आली की कारागीर आधी नव्या यंत्राची किंमत सांगतो, यावरूनच काय ते समजावे.

फिका मॅजेंटा बंद पडला तर फोटोवर पट्टे दिसतीलच असे नाही. चेहरा तेवढा हिरवट होतो, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ते लक्षातही येत नाही. अकरावीच्या प्रवेशासाठी मुलीचे फोटो काढून घेणाऱ्या एका बाईंनी एकदा पाकीट दाराशी नेऊन उजेडात धरले आणि म्हणाल्या, "दादा, पोरीले कावीय झाल्यावानी दिसते ना हो." रोजचा तो कागद मी तेव्हापासून चुकवलेला नाही.

हेडमधले एक छिद्र साधारण वीस मायक्रॉन रुंद असते; माणसाचा केस त्याच्या तिप्पट-चौपट जाड भरतो. त्यातून पडणारा थेंब पिकोलिटरमध्ये मोजतात, आणि तीन पिकोलिटरचा थेंब अशा यंत्रांत नेहमीचा आहे. एका मिलिलिटर शाईत असे तेहेतीस कोटी थेंब बसतात. हा आकडा मी पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा देवांची संख्या आठवून हसू आले होते; पण एवढ्या वस्तीला जाण्यायेण्यासाठी जो दरवाजा ठेवला आहे, तो किती सहज बुजू शकतो हेही त्याच वेळी उमगले.

थेंब बाहेर कसा पडतो, हे समजायला स्वयंपाकघरातला गॅस पेटवायचा लायटर पुरतो. त्यातल्या स्फटिकावर हातोडीसारखा फटका बसला की वीज निर्माण होते आणि ठिणगी उडते. १८८० साली क्युरी बंधूंनी दाखवलेला हा गुण माझ्या प्रिंटरमध्ये उलट्या बाजूने वापरला जातो: स्फटिकाला वीज दिली की तो किंचित वाकतो, शाईच्या कप्प्यावर दाब पडतो आणि थेंब सुटतो. दुसरी जात उष्णतेची. १९७७ साली जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत एका संशोधकाची तापलेली सोल्डरिंगची लेखणी शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. शाईला क्षणभर उकळवून बुडबुड्याच्या धक्क्याने थेंब फेकण्याची कल्पना तिथून पुढे वाढली. उष्णतेच्या यंत्रातले हेड बरेचदा सुटे काढता येते आणि कोमट पाण्यात बुडवून ठेवता येते. स्फटिकाचे हेड यंत्रातच कायमचे बसवलेले असते. म्हणून आम्ही स्फटिकवाले लोक आमच्या हेडला जरा अधिकच जपतो, आणि जपण्याच्या नावाखाली कधी कधी त्याचा छळही करतो.

टाक्यांची व्यवस्था आधी कारखान्यातून आली नव्हती, ती बाजारातून आली. कार्ट्रिजचा खर्च परवडेना म्हणून लोकांनी प्रिंटरच्या बाजूला शाईचा डबा ठेवून नळ्या आत सोडायला सुरुवात केली होती. एप्सनने स्वतः टाकीवाला प्रिंटर बाजारात आणला तो २०१० साली, इंडोनेशियात. माझे पहिले यंत्र त्या जुगाडाच्या काळातले होते. डबा बाहेर, नळ्यांची पट्टी झाकणाच्या फटीतून आत, आणि झाकण पुरते लागू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची घडी. त्या डब्याने मला जे शिकवले ते पुढे कोणत्याही पुस्तिकेत सापडले नाही.

पहिला धडा उंचीचा होता. छिद्राच्या तोंडाशी शाई केवळ आपल्या पृष्ठताणावर तोललेली असते, आणि तो तोल राहण्यासाठी डब्यातली पातळी हेडपेक्षा थोडी खाली असावी लागते. दिवाळीच्या सफाईत मी टेबल पुसताना डबा उचलून प्रिंटरच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच घरी गेलो. रात्रभर सहाही रंग आपल्या वजनाने हेडमधून खाली उतरले. सकाळी टेबलावर जो रंग साचला होता त्याला नाव नव्हते, आणि माझ्या डाव्या हाताची बोटे भाऊबीजेपर्यंत त्याच रंगाची राहिली. डबा फार खाली, म्हणजे जमिनीवर ठेवला तर उलटे होते: शाई नळीतून मागे सरकते आणि तिच्या जागी हवा शिरते.

दुसरा धडा बुचाचा, आणि तो अधिक लाजिरवाणा आहे. त्या डब्यात प्रत्येक रंगाला दोन भोके असत. मोठे भोक शाई भरण्यासाठी, आणि लहान भोक हवा आत येण्यासाठी. भरताना लहान बंद करून मोठे उघडायचे आणि भरून झाले की उलट करायचे, असा नियम होता. एकदा शाई भरल्यावर मी दोन्ही बंद केली. त्यानंतर दर कागदाची वरची बाजू ठसठशीत, मध्यापासून फिकी आणि तळाशी जवळजवळ कोरी येऊ लागली. थोडा वेळ यंत्र तसेच ठेवले की पुढचा कागद पुन्हा वरून चांगला सुरू होई. मी ठामपणे ठरवले की हेड चोकअप झाले आहे. चार दिवस हेड क्लिनिंग करत राहिलो, दर वेळी शाई वाया घालवत राहिलो. पाचव्या दिवशी सुट्टीत दुकानात बसायला आलेल्या माझ्या भाच्याने सहज बोटाने एक बूच उपटले आणि विचारले, "मामा, हे कायचं आहे?" डब्याने 'घुटुक्' असा आवाज केला आणि नळीतली शाई माझ्या डोळ्यांदेखत दोन बोटे पुढे सरकली. तहानलेल्या माणसाने पहिला घोट घ्यावा तसा तो आवाज होता. चोकअप नव्हतेच. शाई बाहेर जात होती, तिच्या जागी हवा आत येऊ शकत नव्हती, आणि डब्यात तयार झालेली पोकळी शाईला मागे खेचून धरत होती.

चोकअप हा शब्द आम्ही फार सैल वापरतो, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे. रेघ उमटली नाही की छिद्र बुजले, आणि छिद्र बुजले की शाई वाळली, अशी आमच्या डोक्यात एक साखळी तयार असते आणि हात आपोआप क्लिनिंगच्या बटणाकडे जातो. शाई खरोखरच वाळते, हे खोटे नाही. तिच्यात बहुतेक पाणी असते, ते लवकर उडू नये म्हणून ग्लिसरीनसारखे ओल धरणारे पदार्थ मिसळलेले असतात. तरीही छिद्राच्या तोंडाशी ती उघडी राहिली तर दुधावर साय धरावी तशी घट्ट होत जाते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा अकोल्यात हे दोन दिवसांतही घडते. कुलर चालू असलेल्या दुकानात ओलाव्यामुळे हेड जरा सुखात राहते, पण मग फोटोपेपर वळतो आणि त्याची वळलेली कड हेडला घासते. रत्नागिरीला माझ्या मेव्हण्याकडे याच जातीचे यंत्र आहे. तो आठवडाभर छापत नाही आणि तरी त्याच्या सगळ्या रेघा शाबूत असतात, हे ऐकून मला पूर्वी त्याचा हेवा वाटत असे. पावसाळ्यात त्याचे कागद एकमेकांना चिकटून तीन-तीन आत जातात हे कळल्यावर तो कमी झाला.

२१ मार्च २०२० हा शनिवार होता. दुसऱ्या दिवशी जनता कर्फ्यू होता, त्यामुळे संध्याकाळी लोक लवकर पांगत होते आणि मलाही घाई झाली होती. शेवटच्या गिऱ्हाइकाचा फोटो बाहेर पडला, तो मी कापून दिला आणि हात वर करून बोर्डावरचा मेन स्विच पाडला. लहान दुकानांत ही सवय सर्रास असते. एक खटका ओढला की पंखा, दिवे, संगणक, सगळे एकदम गप्प होते. प्रिंटर मात्र त्याच्या स्वतःच्या बटणानेच बंद करायचा असतो, कारण बटण दाबल्यावर हेड उजव्या कोपऱ्यात जाऊन एका रबरी कॅपवर नीट बसते. ती कॅप म्हणजे हेडचे झाकण. तिच्यात स्पंज असतो आणि छिद्रांना ती हवा लागू देत नाही. मी खटका ओढला तेव्हा हेड अजून वाटेतच होते. सोमवारी येऊन बघू, असे म्हणून मी शटर ओढले. तो सोमवार जूनच्या पहिल्या आठवड्यात आला.

पत्र्याखाली बंद राहिलेल्या दुकानात एप्रिल आणि मे अख्खे गेले होते. नोझल चेक काढला तर काळ्याच्या काही पायऱ्या, पिवळ्याच्या अर्ध्या, फिक्या सायनचे तुकडे आणि मॅजेंटाच्या जागी निव्वळ पांढरा कागद. मी क्लिनिंग केले. पुन्हा केले. सहा वेळा केल्यावर पॉवर क्लिनिंग केले आणि प्रत्येक वेळी कागद आधीपेक्षा थोडा अधिक कोरा येत गेला. अखेर आमच्या नेहमीच्या कारागिराला फोन लावला. तो वाशीमकडे गावी अडकला होता आणि त्याला येता येणार नव्हते. त्याने सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: "भाऊ, टाकीतली शाई किती उतरली?"

मी टाक्यांकडे पाहिले. पॉवर क्लिनिंगमध्ये शाई भरपूर जाते. पातळीत फरक दिसायला हवा होता. फरक नव्हता.

"मंग पंप काहीच वढून नाई राह्यला," तो म्हणाला. "शाई वायली असन, नसन, ते मंग पाहू. आधी कॅप पाहा. अन् आता क्लिनिंग मारू नका, कायले घाई करता?"

क्लिनिंग म्हणजे यंत्र हेडवर कॅप घट्ट दाबते आणि खालच्या पंपाने छिद्रांतून शाई ओढून घेते. त्यासाठी कॅपची रबरी कड हेडला हवाबंद बसावी लागते आणि कॅपच्या तळातली निचऱ्याची नळी मोकळी असावी लागते. माझ्या कॅपच्या कडेवर शाईचा पापुद्रा बसला होता आणि नळीत अडीच महिन्यांचा गाळ वाळला होता. मी सात वेळा जे केले, त्यात पंप फक्त फिरला होता. गंमत अशी की यंत्राने त्या सातही वेळांची शाई आपल्या हिशेबात धरली होती. क्लिनिंगची शाई तळाच्या स्पंजमध्ये, म्हणजे वेस्ट पॅडमध्ये जाते, आणि तो पॅड भरत आला असे यंत्राला वाटले की ते लाल दिवे लावून संप करते. पण ते पॅड प्रत्यक्ष पाहत नाही, नुसते क्लिनिंग मोजते. न सांडलेल्या शाईचाही भुर्दंड माझ्या नावावर पडला.

औषधांची दुकाने उघडी होती. तिथून दहा मिलिलिटरची सिरिंज आणि सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा मिळाला. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर घरात होतेच. नळाचे पाणी वापरू नका, त्यातला क्षार छिद्रात बसेल, असे त्याने दोनदा बजावले. मग प्रिंटर चालू करून, हेड मध्यभागी सरकताच वायर उपटायची होती, म्हणजे कॅप उघडी पडते. ज्या चुकीने हे सगळे घडले तीच चूक आता उपाय म्हणून करताना हात थोडा अडखळला.

कापसाच्या काडीने कॅपची कड पुसली तेव्हा काडी आधी काळी, मग जांभळी, मग गुलाबी झाली. शेजारची वायपरची रबरी पट्टीही पुसली. तिच्यावर धूळ आणि शाई यांचे काजळासारखे मिश्रण होते आणि ती प्रत्येक फेरीत हेडच्या तोंडावर तेच फासत आली असणार. नंतर नळीचे टोक कॅपच्या भोकावर टेकवून कोमट पाणी आत सोडायला लागलो. पहिल्यांदा सिरिंजचा दट्ट्या हललाच नाही. जोर करू नका, नुसते टेकवून धरा, असे फोनवरून सांगणे चालू होते. पाच-सहा मिनिटांनी दट्ट्या अंगठ्याखाली अगदी केसभर सरकला, थांबला, पुन्हा सरकला आणि मग एकदम सैल होऊन पाणी खाली उतरले. त्यानंतर कॅप पाण्याने काठोकाठ भरली आणि यंत्र चालू करून एक साधे क्लिनिंग केले. बंद करून पुन्हा कॅप उघडली, तर ती रिकामी होती. पंप ओढू लागला होता. या एका चाचणीला मी हल्ली इतका मानतो की हेडला हात लावण्याआधी ती करतोच.

"आता कॅपमधी पानी भरा, हेड तिच्यावर बसवा अन् घरी जा," तो म्हणाला. मी म्हटले, आत्ता दुपारचे दोनच वाजले आहेत. तो म्हणाला, "म्हनूनच सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाच रंग परत आले होते. मॅजेंटा मात्र विचित्र वागत होता. पहिल्या कागदावर वरच्या पंधरा-वीस पायऱ्या गायब, दुसऱ्या कागदावर त्या हजर आणि मधल्या गायब. मी फोटो पाठवला. "शाई वायली नाई, हवा धरली हाये," असा निकाल आला. त्याचे कारण नंतर मला पटले: वाळलेली शाई आपली जागा सोडत नाही, ती जिथे बसली तिथेच राहते आणि दर कागदावर तेवढ्याच रेघा खाते, रिकाम्या जागा फिरू लागल्या तर तो हवेचा बुडबुडा असतो. हेडच्या वर डॅम्पर नावाची लहानशी डबी असते, तिच्यात जाळी असते, आणि क्लिनिंगमागून क्लिनिंग केले की तिथली हवा बारीक होऊन खाली छिद्रांपर्यंत ओढली जाते. तिला पुन्हा वर चढायला किंवा शाईत विरघळायला वेळ लागतो आणि तो वेळ कोणत्याही बटणाने कमी होत नाही. सहा तास यंत्राला हात लावला नाही. संध्याकाळी एक क्लिनिंग, एक कागद: मॅजेंटाचा जिना जवळजवळ अखंड होता.

आमच्या धंद्यात हेड मोकळे करण्याची जी औषधे सांगितली जातात त्यांची यादी देण्याचा मोह मी टाळतो, कारण त्यातली बरीचशी मी करून पाहिली आहेत आणि त्यांचा मला पश्चात्ताप आहे. काच पुसायचा निळा द्रव, स्पिरिट, नेलपॉलिश काढायचे पाणी; शेवटचे तर हेडमधले चिकटवलेले भागच सोडवू शकते. सिरिंज हेडच्या तोटीला लावून जोराने दाबणारे तज्ज्ञही भेटतात. तोटीतून एखादा मिलिलिटर पाणी हळूच सोडणे वेगळे आणि पिचकारी मारणे वेगळे. पाणी वरच्या चपट्या केबलपर्यंत पोचले आणि ओल राहिलेली असताना वीज दिली, तर हेड जाते आणि जाताना प्रिंटरचा सर्किट बोर्डही नेते. शाईतल्या काटकसरीचा हिशेबही इथेच फसतो. रंगद्रव्य विरघळलेली डाय शाई आणि बारीक कण तरंगत ठेवलेली पिगमेंट शाई या दोन वेगळ्या जाती आहेत. एकीच्या टाकीत दुसरी ओतली तर कण एकमेकांना धरून दह्यासारखे गोठू शकतात, आणि ते चोकअप कोणतेही पाणी सोडवत नाही.

त्या जूनपासून मेन स्विचच्या खाली मी एक चिठ्ठी चिकटवली आहे: "आधी प्रिंटर." कामाला असलेला मुलगा तिला आता सरावला आहे आणि मीच कधी कधी विसरतो. रविवारी दुकान बंद असले तरी उन्हाळ्यात सकाळी येऊन सहा रंगांच्या पट्ट्यांचा एक कागद छापून जातो. घरी त्याला 'पिंट्याला पाणी पाजून येणे' म्हणतात, आणि त्या विनोदाला आता पाच वर्षे झाली आहेत.

मॅजेंटाचा जिना जवळजवळ अखंड होता, असे मी वर म्हटले आहे. वरून अकरावी पायरी तेव्हा आली नाही आणि नंतरही कधी आली नाही. ती जागा कधीच हलली नाही, त्यामुळे ती हवा नाही हे मला माहीत आहे. दोन रात्री पाणी ठेवून पाहिले, एकदा फ्लशिंगचे द्रावणही सोडले, आणि मग सोडून दिले. चांगल्या प्रतीच्या छपाईत हेड त्याच पट्ट्यावरून अनेकदा जाते, तेव्हा शेजारची छिद्रे तिचे काम आपापसांत वाटून घेतात आणि फोटोत काही दिसत नाही. साध्या मोडमध्ये मोठ्या लाल पार्श्वभूमीवर निरखून पाहिले तर मला एक केसासारखी फिकट ओळ दिसते, गिऱ्हाइकाला दिसत नाही. कारागीर आला की कागद उचलून आधी तीच पायरी शोधतो आणि मान हलवून खाली ठेवतो.

आज सकाळच्या कागदावर ५३९ रेघा होत्या. मागच्या बाजूला तारीख टाकून तो मी गठ्ठ्यात सरकवला, आणि बाहेर आधार कार्ड घेऊन उभ्या असलेल्या काकांना आत बोलावले.